महार पलटण : शौर्याचा इतिहास आणि कारभाराचा इतिहास

भीमा-कोरेगावच्या रणस्तंभावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई, स्तंभावर कोरलेली 'नाक' प्रत्ययाची नावे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे दिलेली भेट, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंटही ठाऊक आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये सव्वाशे वर्षे पडतात, आणि त्यांतली जवळजवळ पन्नास वर्षे, मधली तीन-चार वर्षे सोडली तर, महारांना लष्कराचे दार बंद होते. माजिवड्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, "कोरेगावात शौर्य सिद्ध झाले होते, तर १८९२ मध्ये भरती बंद का झाली? मधल्या काळात शौर्य आटले काय?"

या प्रश्नाला आपण नेहमी एक ठरलेले उत्तर देतो : इंग्रज कृतघ्न निघाला, स्पृश्यांनी त्याचे कान भरले. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. कृतघ्नता हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष झाला. लष्कर ही संस्था आहे. तिला माणसे लागतात, पैसा लागतो, कवायत लागते, हुकमाची उतरंड लागते. आणि यांची मांडणी बदलली की काल उपयोगी असलेला माणूस आज अडचणीचा ठरतो. माझे म्हणणे असे की, १८९२ ची बंदी हा शौर्याविषयीचा निवाडा नव्हता. तो कारभाराचा निर्णय होता, आणि शौर्याचे शास्त्र त्याच्या समर्थनासाठी उभे केले गेले. हे नीट ध्यानात घेतले नाही तर आपण आपला इतिहास दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजत राहू.

प्रथम मुंबई इलाख्याचे लष्कर काय होते ते पाहू. ईस्ट इंडिया कंपनीची तीन सैन्ये होती : बंगाल, मद्रास आणि मुंबई. आमच्या ठाण्याचा किल्ला कंपनीने १७७४ च्या डिसेंबरात घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी तिच्याकडे कायम राहिली. अशा मुलूखगिरीसाठी मुंबईच्या सरकारला शिपाई हवे होते, आणि ते कोकणातून व देशावरून मिळाले : मराठे, महार, भंडारी, मुसलमान, बेने इस्रायली. बंगालच्या सैन्यात उत्तरेकडील ब्राह्मण-राजपुतांचा भरणा होता. समुद्र ओलांडणे, एका पंक्तीत जेवणे, यांवरून तेथे वारंवार तंटे होत. मुंबईच्या सैन्याला समुद्रापार जाणारी माणसे पाहिजे होती, जहाजांवर चढणारी मरीन बटालियन पाहिजे होती. महाराला समुद्र ओलांडून जात जाण्याची भीती नव्हती. जी जात गावकुसाबाहेरच होती, ती आणखी कुठे जाणार?

म्हणून मुंबईच्या पलटणीत एक रीत पडली. कंपन्या मिश्र होत्या. एकाच रांगेत महार आणि मराठा खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि बढती नोकरीच्या वर्षांवर व लायकीवर मिळे. परिणामी महार जमादार झाला, सुभेदार झाला, सुभेदार-मेजर झाला. त्याचा हुकूम स्पृश्य शिपायाला पाळावा लागला. मुंबईचे इंग्रज अधिकारी आपल्या सैन्यात जातीला थारा नाही असे अभिमानाने सांगत. यात परोपकार यत्किंचितही नव्हता. थोड्या खर्चात, कमी कटकटीत, कोठेही नेता येईल असे सैन्य त्यांना हवे होते. पण गरजेतून पडलेली रीतसुद्धा माणसाचे आयुष्य बदलते, आणि आपल्या दृष्टीने इतिहास तेथेच सुरू होतो.

गावात महाराला काय मिळत होते? बलुते मिळत होते, आणि तेही कामाचा मोबदला म्हणून मोजून नव्हे, तर खळ्यावर उरलेसुरले, मागून. येसकरी, वेठ, निरोप पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, सारी कामे वतनाच्या नावाखाली. पलटणीत शिपायाला महिना ७ रुपये मिळत. रक्कम मोठी नव्हती, पण ती रोख होती, ठरलेल्या दिवशी मिळत होती, आणि कोणापुढे झोळी पसरावी लागत नव्हती. नोकरी पुरी झाली की पेन्शन होते. बलुते पाटलाच्या मर्जीवर अवलंबून होते, पेन्शन मर्जीवर नव्हते. ते कागदावर लिहिलेले होते. गावगाड्याच्या बाहेर, कोणाच्या मेहेरबानीशिवाय जगता येते, हा अनुभव महार समाजाला सामुदायिकरीत्या प्रथम पेन्शनीने दिला.

तिसरी गोष्ट शाळेची. ज्या काळी गावच्या शाळेत अस्पृश्याच्या मुलाला पडवीतही जागा नव्हती, त्या काळी पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. मुलीही त्यातून वगळलेल्या नव्हत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचे आजोळ आमच्या ठाणे जिल्ह्यातले, मुरबाडचे. भीमाबाईंचे वडील सुभेदार-मेजर होते, आणि त्यांचे भाऊही त्याच हुद्द्यापर्यंत चढले होते, असे चरित्रकार सांगतात. एका महार घराण्यात इतके सुभेदार-मेजर, हे चित्र आज कल्पनेत आणून पाहावे. माजिवड्याच्या नाक्यावरून निघणारा मुंबई-आग्रा रस्ता भिवंडी, नाशिक, धुळे मागे टाकून महूच्या छावणीकडे जातो. १४ एप्रिल १८९१ रोजी त्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. मुरबाडच्या महारवाड्यातली मुलगी आणि कोकणातल्या आंबडव्याचा मुलगा महूला संसार थाटतात, मुलांना शिकवतात, घरात पोथ्या-पुस्तके असतात, याला पलटणीची व्यवस्था कारणीभूत होती.

दापोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. 'कॅम्प दापोली' ही लष्करी पेन्शनरांची वस्ती. १८८६ साली गोपाळबाबा वलंगकर पेन्शन घेऊन आले आणि दापोलीत काम करू लागले. वाचता-लिहिता येणारे, रोख उत्पन्न असलेले आणि हुकूम द्यायची सवय असलेले पाच-पन्नास लोक एका गावात एकत्र राहिले की काय होते, ते तेथे दिसते : 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन होते, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' छापून निघते, अर्ज लिहिले जातात. अस्पृश्यांच्या स्वतंत्र चळवळीचा आरंभ आपण येथून मोजतो. तिची साधनसामग्री लष्करातून आली होती, हे मात्र आपण पुरेसे बोलत नाही.

आता ही व्यवस्था मोडली कशी, ते पाहू. १८५७ चा उठाव मुख्यतः बंगालच्या सैन्यात झाला. मुंबईच्या सैन्यात कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीसारखे अपवाद सोडले तर शांतता राहिली. त्यानंतरच्या पील कमिशनने निरनिराळ्या जाती-जमाती पलटणीत मिसळून ठेवाव्यात असे सुचवले. म्हणजे मुंबईची जुनी रीतच सुरक्षित ठरली. पण वीस वर्षांत प्रश्न बदलला. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धाने खर्च वाढवला, आणि २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे मुंबईच्या पलटणी असलेल्या फौजेचा दारुण पराभव झाला. १८७९ च्या ईडन कमिशनने काटकसर आणि पुनर्रचना हे दोन विषय पुढे आणले. काही पलटणी मोडल्या गेल्या. चांदीचा भाव घसरत होता, रुपया उतरत होता, इंग्लंडला भरायची रक्कम वाढत होती. १८८५ मध्ये पंजदेहच्या प्रकरणाने रशियाचे भय वाढले. सरकारपुढे प्रश्न एकच होता : मर्यादित पैशात वायव्य सरहद्दीवर लढण्यासाठी कोणते शिपाई ठेवायचे आणि कोणते काढायचे?

या प्रश्नाला १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने दिलेले उत्तर म्हणजे 'लढाऊ जमातीं'चा सिद्धान्त. शीख, गुरखा, पठाण, डोगरा, पंजाबी मुसलमान हे जन्मतः लढवय्ये. मद्रास-मुंबईकडचे लोक दीर्घ शांततेने मऊ पडलेले. हे शास्त्र किती पोकळ होते ते पाहायला फार लांब जायला नको. ज्या मद्रास आणि मुंबईच्या सैन्यांनी कंपनीला हिंदुस्थान जिंकून दिला, तीच आता नालायक ठरली, आणि ज्यांना त्यांनी जिंकले ते लढाऊ ठरले! शौर्य हे जर रक्तात असते, तर ते राज्यकर्त्याच्या सरहद्दीबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे कसे सरकले असते?

परंतु महारांवर जो घाव बसला तो एवढ्यानेच नव्हे. मुंबईकडचे सगळेच शिपाई कमी प्रतीचे ठरले, तरी मराठ्यांची भरती चालू राहिली. महारांची का थांबली? याचे कारण रचनेत आहे. मिश्र कंपन्या मोडून 'वर्गवार' कंपन्या व पलटणी करण्याचे धोरण आले. एक कंपनी एका जातीची, तिचे देशी अधिकारी त्याच जातीचे. या रचनेत महाराला बसवायचे तर दोनच मार्ग होते : महारांची वेगळी कंपनी काढायची, किंवा त्यांना गाळायचे. वेगळी कंपनी काढली तरी पलटणीत सुभेदारांची ज्येष्ठता एकत्र मोजली जाई, आणि केव्हा तरी महार सुभेदार-मेजर सर्वांच्या वर बसणारच. ज्या वरच्या जातींना आता ओढून आणायचे होते, त्यांना हे रुचणारे नव्हते. तेव्हा गाळणे सोपे ठरले. माझ्या मते, महार दुबळा होता म्हणून त्याला काढले नाही. तो हुकूम देण्याच्या जागेपर्यंत पोचला होता म्हणून तो नव्या रचनेला अडचणीचा झाला.

१८९२ पासून नवी भरती थांबली. सेवेत होते ते पेन्शनीवर बाहेर पडत गेले. १ एप्रिल १८९५ रोजी इलाख्यांची स्वतंत्र सैन्ये मोडून एकच हिंदी सैन्य झाले. त्याच १८९५ साली पायदळ शिपायाचा पगार ७ रुपयांवरून ९ रुपये झाला. पगार वाढला तेव्हा महारासाठी दार बंद झालेले होते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले रोख वेतन आणि पुढे येणारी पेन्शने, दोन्ही आटणार होती. शाळा बंद झाली. शिपायाचा मुलगा पुन्हा गावच्या शाळेच्या दारात उभा राहिला. भिवा रामजी साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसला. १८९६-९७ चा दुष्काळ आणि प्लेग लगोलग आले. कोणत्या घरांवर ही आपत्ती रोख आधाराविना कोसळली, ते यावरून समजावे.

या निर्णयाविरुद्ध आपले लोक गप्प बसले नाहीत. रामजी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य मागितले, असे चरित्रकार लिहितात. गोपाळबाबांनी १८९४ मध्ये मराठीत निवेदन तयार केले. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळात हीन दशेला गेलेले, इंग्रजांशी इमानी राहिलेले, अशी बाजू मांडली. आज काही मित्र या निवेदनाची थट्टा करतात. गोपाळबाबांनी क्षत्रियत्वाची भीक मागितली असे म्हणतात. ही टीका मला अन्यायाची वाटते. सरकारने जमातीचा दाखला मागितला, तेव्हा अर्जदाराने जमातीचाच दाखला दिला. मात्र मर्यादा होती हे मान्य केले पाहिजे. 'आम्हीही लढाऊ जमात आहोत' असे म्हणताना जमातीवरून शौर्य ठरते हे गृहीतच धरले जात होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठवलेल्या अर्जात लष्कराबरोबर पोलीस आणि सरकारी नोकरीच्या खालच्या जागाही मागितल्या. येथे मागणीचे स्वरूप बदललेले दिसते. पूर्वजांच्या तलवारीपेक्षा राज्याच्या तिजोरीतला आणि कचेरीतला वाटा आता पुढे येतो.

अर्जांनी दार उघडले नाही. ते उघडले महायुद्धाने. १९१४ नंतर 'लढाऊ' जमातींच्या गावांतली तरणी माणसे संपू लागली, तेव्हा रक्ताचे शास्त्र एकाएकी सैल झाले, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, खर्चकपात सुरू झाली, १९२१ मध्ये पलटण मोडली. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मुंबई पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनली. महारांसाठी त्या आराखड्यात जागा नव्हती. चार वर्षांत उघडणे आणि मिटणे! जी जागा गरजेपोटी मिळते आणि आराखड्यात लिहिली जात नाही, ती गरजेबरोबर जाते.

बाबासाहेबांना हा धडा घरातूनच मिळाला होता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बोलताना त्यांनी या भागातल्या लष्करी पेन्शनरांची आठवण काढली. पलटणीने अस्पृश्यांना राहणीमान सुधारण्याची, अधिकार गाजवण्याची आणि शिकण्या-शिकवण्याची संधी दिली होती आणि ती गेल्याने समाजाची पीछेहाट झाली, असे सांगितले. त्यांच्या त्या मांडणीत शौर्य आहे, पण भर हुद्द्यावर आणि शाळेवर आहे. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये (१९४०) त्यांनी हिंदी सैन्यात कोणत्या प्रांताचे व कोणत्या जमातीचे किती शिपाई आहेत याची कोष्टके मांडली आणि लढाऊ-बिनलढाऊ ही विभागणी राजकीय सोयीची आहे हे दाखवले. १९४१ च्या जुलैमध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ आला.

येथेही महायुद्धाची गरज होतीच. १९१७ आणि १९४१ यांत फरक काय? १९१७ मध्ये बाहेरून अर्ज करणारे होते. १९४१ मध्ये जेथे आराखडा ठरतो त्या मेजाशी आपला माणूस बसला होता. याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि १९४६ मध्ये मोडली गेली. शौर्यात ती कमी नव्हती. महार रेजिमेंट मात्र टिकली : १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, १९६० च्या दशकात पुन्हा पायदळ झाली, पुढे सर्व वर्गांना खुली झाली. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिच्यातून आले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जातीच्या नावाची पलटण जातीबाहेर वाढली, हे तिचे यश मी मोठे मानतो.

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला नेहमीचा : महार इंग्रजांच्या बाजूने लढले. हा प्रश्न फक्त महारालाच का विचारतात? त्याच पलटणीत, त्याच पगारावर, त्याच ध्वजाखाली मराठा, राजपूत, ब्राह्मण, मुसलमान उभे होते. त्यांच्या चाकरीला 'लष्करी परंपरा' म्हणायचे आणि आमच्या चाकरीला देशद्रोह, हा न्याय गावकुसाचाच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो आपल्यातूनच आला पाहिजे. लष्कराचा लाभ सर्व अस्पृश्यांना सारखा मिळाला नाही. कोकणातल्या महारांना तो पुष्कळ मिळाला. मांग, चर्मकार, भंगी यांच्या वाट्याला फारच थोडा आला. स्त्रियांना तो बाप किंवा नवरा शिपाई असेल तरच मिळाला. पेन्शनीने एक थर वर काढला, बाकीचा समाज खालीच राहिला. आपण पलटणीचा गौरव करताना हे झाकून ठेवू नये.

हा सारा इतिहास आज उगाळण्याचे कारण जुन्या वैभवाचे स्मरण हे नव्हे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करायचे, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी, पेन्शन नाही. त्याबरोबरच जातवार पलटणींच्या जागी हळूहळू 'अखिल भारतीय, सर्व वर्ग' भरतीचे तत्त्व. दुसऱ्या भागाचे आपण स्वागतच केले पाहिजे. वर्गवार रचनेनेच आपल्याला १८९२ मध्ये बाहेर काढले होते. तिचे विसर्जन हा आपल्या बाजूचा बदल आहे. पण पहिल्या भागाकडे जुन्या हिशेबाने पाहा. रोख वेतन आहे. ते आज अनेक ठिकाणी मिळते. पेन्शन नाही. चार वर्षांत सुभेदार होता येत नाही. ज्या दोन गोष्टींनी दापोली घडवली, म्हणजे आयुष्यभराचा स्वतंत्र आधार आणि हुकूम देण्याचा अनुभव, त्या बहुतेकांच्या वाट्याला येणार नाहीत. सरकार यामागे सैन्याचे सरासरी वय कमी करण्याचे कारण सांगते, आणि पेन्शनीचा वाढता बोजा हा तर सर्वांच्या चर्चेतला विषय आहे. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. १८९२ मध्येही काटकसर खरीच होती. तिचा भार कोणी उचलला, एवढेच आपण विचारायचे असते.

माजिवडा, कळवा, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. त्यांत आपली मुले पुष्कळ आहेत. त्यांना धावू नका असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण भरतीच्या मार्गदर्शनात छाती आणि धाव यांबरोबर हेही सांगितले पाहिजे की, चार वर्षांत पदवीचे श्रेयांक कसे मिळवायचे, कौशल्याचे प्रमाणपत्र कसे मागायचे, सेवानिधीचे काय करायचे, आणि परतल्यावर एकत्र कसे राहायचे. गोपाळबाबा एकटे परतले असते तर मंडळी उभी राहिली नसती.

आणखी एक काम तातडीचे आहे. आपल्या घरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत शिपायांची सर्व्हिस-पुस्तके, डिस्चार्जचे कागद, पेन्शनीच्या वह्या अजून आहेत. त्यांवर गाव, जात, हुद्दा, पगार, शिक्षण, सारे लिहिलेले असते. चाळींच्या जागी इमारती उठताना हे कागद रद्दीत जात आहेत. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सातारा, नागपूर येथल्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन त्यांच्या नकला केल्या, तर कोणत्या घरात पेन्शन आले, त्या घरातली मुले कुठवर शिकली, १८९२ नंतर त्या घराचे काय झाले, याची कोष्टके आपली आपल्याला मांडता येतील. स्तंभावर मेलेल्यांची नावे आहेत. जिवंत परतलेल्यांनी काय उभे केले आणि त्यांच्याकडून काय हिरावले गेले, ते या वह्यांत आहे, आणि ते वाचण्याचे काम आता आपले आहे.